स्वाराने बोलायचं नाही

माझ्या नातीला घरात सगळे मुंगी म्हणतात. उंचीने लहान, आणि एकदा एखाद्या गोष्टीला लागली की सोडत नाही, म्हणून. बावीस वर्षांची झाली तरी नाव तेच राहिलं. एका मंगळवारी ती बेकरीतल्या कामावरून आली, हातही न धुता माझ्यासमोर एक कागद धरला आणि म्हणाली, "आबा, वाचा."

मला अक्षरं उशिरा आली, चाळिशी उलटल्यावर. त्यामुळे मी अजूनही हळू वाचतो, ओठ हलवत. तिने घाई केली नाही. कागद पाणी खात्याचा होता. डोंगरात ठिकठिकाणी पाऊस मोजायची भांडी बसवलेली असतात. ती बघायची, ओढ्यांची पातळी बघायची आणि आकडे खाली आणून द्यायचे, या कामासाठी तिची निवड झाली होती. अट एकच. डोंगरात चालेल अशी गाडी ज्याची त्याने आणायची, आणि शनिवारी सकाळी साहेबांसमोरून सगळ्यात वरच्या भांड्यापर्यंत नेऊन आकडा आणून दाखवायचा. जमलं नाही तर यादीतला पुढचा माणूस.

बेकरीतल्या पिठाने तिला दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, काम बदल. पण बदलायला दुसरं काम हवं ना. ते आता कागदावर आलं होतं, चार दिवसांच्या अंतरावर.

"किती साठवलेस?" मी विचारलं.

"पंचेचाळीस हजार. बूट, हेल्मेट त्यातच."

"मग गाडीला छत्तीस. पाचवा हिस्सा मागे ठेवायचा. जुनी गाडी पहिला महिनाभर पाहुण्यासारखी असते. मागत नाही, पण द्यावं लागतं. चेन, टायर, ब्रेकचे पॅड."

"छत्तीसमध्ये चांगली मिळेल?"

"देखणी नाही मिळणार. चालणारी मिळेल."

माझी मुलगी, म्हणजे मुंगीची आई, आतून इस्त्री करता करता म्हणाली, "यांना घेऊन जाऊ नकोस बरं. हे गाडी बघायला जात नाहीत, गप्पा मारायला जातात."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी गाडी बघायला बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रात्री मी बूट पुसून ठेवले.

*

मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या तारांवर काम केलं. तेव्हा तारा डोंगरावरून जायच्या, खांबामागून खांब. वादळ झालं, झाड पडलं, की आम्ही निघायचो. एका टप्प्याला दोन माणसं. माझ्या जोडीला होता खिळ्या. अंगाने एवढासा, पण ठोकला तिथे रुतून बसणारा. त्याला वाचता येत होतं, मला येत नव्हतं. खांबावरचा नंबर तो वाचायचा, वर मी चढायचो. साहेबाला पुढची वीस वर्षं कळलं नाही की आमच्यातल्या एकालाच लिहिता येतं आणि एकालाच चढता येतं.

डोंगरात चालणाऱ्या गाड्यांना आज पोरं डर्ट बाईक म्हणतात. आम्ही उंच गाडी म्हणायचो, कारण दगडधोंड्यांवर पोट घासू नये म्हणून ती उंच असायची. मी आणि खिळ्याने पहिली उंच गाडी अर्धे-अर्धे पैसे घालून घेतली. दोघंही बघायला गेलो. गाडी दिसताच खिळ्या हरखून म्हणाला, "हीच." विकणाऱ्याने तिथल्या तिथे भाव चढवला आणि एक पैसा खाली आला नाही. तेव्हापासून तारेवरच्या सगळ्या माणसांत नियम पडला. जुनी गाडी बघायला जाताना जो चालवणार त्याने तोंड उघडायचं नाही. सोबतच्याने बोलायचं. स्वाराच्या तोंडावर हाव दिसते, सोबत्याच्या दिसत नाही.

बुधवारी सकाळी निघताना मी मुंगीला हेच सांगितलं.

"अगदी काहीच नाही बोलायचं?"

"हूं की चूं नाही. बस म्हटलं की बसायचं, चालव म्हटलं की चालवायची. व्यवहार होईपर्यंत तू मुकी."

"आई म्हणेल, या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी गप्प बसणं जमलं."

*

पहिली गाडी एका दुकानासमोर उभी होती, नवरदेवासारखी चकचकीत. दुकानदार फडकं खांद्यावर टाकून हसत उभा. मी आधी इंजिनला उलटा हात लावला. जुन्या गाडीचं खरं दुखणं ती थंड असताना कळतं. आजारी गाडी सकाळी उठत नाही, म्हणून विकणारे तिला आधीच जागी करून ठेवतात.

"गरम आहे," मी म्हणालो.

"उन्हात होती ना, बाबा."

"सावलीत उभी आहे."

"आत्ताच आणली सावलीत."

"मग आम्ही बसतो तासभर. निवली की बघू."

"तासाभरात दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"त्याला गरमागरम वाढा," मी म्हणालो आणि आम्ही निघालो. मुंगी कोपऱ्यापर्यंत गंभीर राहिली, मग भिंतीला टेकून हसली.

दुसरी गाडी मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईची होती. गावाबाहेर तिचं घर, मागे पेट्या मांडलेल्या. गाडीला तिने स्वतःच ब्रशने हिरवा रंग दिला होता, फाटकाला देतात तसला. ठिकठिकाणी ओघळ सुकलेले. मागे पेट्या बांधायची लोखंडी जाळी. बुटकी, रुंद, फोर-स्ट्रोक गाडी. इंजिन दगडासारखं थंड.

मी हवेच्या गाळणीचं झाकण उघडलं, बोटाला पांढरं फडकं गुंडाळून आतल्या नळीतून फिरवलं. धूळ गाळणीच्या पुढे गेली असेल तर फडकं सांगतं, आणि मग इंजिनाने माती खाल्लेली असते. फडकं स्वच्छ निघालं. मग पान्याने एकेक स्पोक वाजवत गेलो. घट्ट स्पोक टणक वाजतो, ढिला भद्द. मागच्या चाकात एक भद्द वाजला.

"तो मागच्या महिन्यात ढिला झालाय," बाई स्वतःहून म्हणाली. "पुढचा ब्रेकही थोडा ओरडतो. धरतो, पण ओरडतो. मी पण तशीच आहे."

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. एकसारखा, शहाणा आवाज. शिवणयंत्र चालावं तसा. मला कंटाळा आला, हे मी इथे कबूल करतो. मुंगीला बस म्हटलं, ती बसली, पेट्यांच्या मागून चक्कर मारून आली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मी डोळे वटारले. तिने तोंड मिटलं.

"चौतीस," बाई म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्हीच चालवणार का, बाबा?"

"बघू," मी म्हणालो. नियमाप्रमाणे.

*

तिसरी गाडी एका सुताराच्या कारखान्यात होती. त्याच्या भावाची होती, भाऊ परगावी गेला म्हणून विकायची. सुताराने भुशाने माखलेली ताडपत्री ओढली आणि मला अंगावर पाण्याचा लोंढा यावा तसं झालं.

टू-स्ट्रोक. तीच उंच बांधणी, तीच निमुळती टाकी, वर वळून गेलेला तोच सायलेन्सर. आमच्या गाडीची कंपनी वेगळी होती, पण एकाच मुशीतून निघाल्यासारख्या. सुताराने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, किक मारली आणि निळसर धूर सुटला. तो वास मी शेवटचा घेतला त्याला पंचवीस वर्षं झाली असतील. ताज्या लाकडाच्या वासात मिसळून तो आला आणि मी बोलायला लागलो.

मी सुताराला सांगितलं की आमच्या वेळी या गाडीला उतारावर आवर घालणं म्हणजे काय असायचं. खिळ्या कसा सीटवर उभा राहून गाणी म्हणायचा. पाऊस लागला की आम्ही दोघं एकाच खांबाखाली एकच भाकरी खात कसे बसायचो. आणि खिळ्याचे दगड. उंच गाडीवरून त्याचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. त्यामुळे पूर्ण टप्प्यावर त्याने थांबायचे दगड ठरवून ठेवले होते. दगड आला की खिळ्या थांबणार, पाय टेकणार, घाम पुसणार. आम्ही त्या दगडांना त्याची स्टेशनं म्हणायचो. सुतार खूप हसला. चांगला माणूस होता. रंधा बाजूला ठेवून ऐकत होता.

"मुंगे, बस बघू," मी म्हणालो.

ती फळ्यांच्या थप्पीवर पाय ठेवून चढली. अंगणात आणि गल्लीत एक चक्कर मारून आली ती बरोबर थप्पीपाशीच थांबली. मला वाटलं, पोरीला गाडी नेमकी कुठे उभी करायची ते कळतं.

सुताराने अठ्ठेचाळीस सांगितले. मी त्रेचाळीसवर आणले. छत्तीसचा हिशोब मीच सांगितला होता, तो मीच विसरलो. बूट, टायर, सगळं नंतर बघू म्हणालो. माझ्या खिशातून हजार इसार दिला आणि शुक्रवारी उरलेले देऊन गाडी न्यायचं ठरलं.

घरी येताना मी रस्ताभर बोलत होतो. मुंगी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तुम्हाला खिळ्याआजोबांची खूप आठवण येते ना?"

"आज आली," मी म्हणालो.

*

गुरुवारी तिची सुट्टी होती. सकाळी मी परसात गेलो तर ती पायरीवर बसलेली. पुढ्यात तिच्या बापाचे जुने बूट, फाटका टायर, सुरी आणि डिंकाचा डबा. टायरचे तुकडे कापून ती बुटाच्या तळाला चिकटवत होती. एकावर एक, तीन थर झाले होते.

"हे काय चाललंय?"

"तळ जाड करतेय."

"कशाला?"

तिने बूट पायात घातला, उभी राहिली. चार बोटं उंच झाली होती. तोल जरा डावीकडे गेला, तिने भिंत धरली.

"पाय पोचत नाहीत, आबा. टाचा सोडा, अंगठाही पोचत नाही. हे लावले की एका बाजूचा चवडा पोचेल."

"अगं, मग तिथेच का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात, हूं की चूं नाही."

"घरी आल्यावर तरी बोलायचंस."

"घरी येईपर्यंत इसार दिला होता." ती खाली बसून पुन्हा डिंक लावायला लागली. "आणि तुम्ही इतके खूश होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही स्पोकन् स्पोक वाजवून बघता. म्हटलं, माझे पायही बघितले असतील."

मी शेजारी पायरीवर बसलो. तिने मला टोमणा मारला नव्हता, तिला खरंच तसं वाटलं होतं. तेच जास्त लागलं.

खिळ्याच्या दगडांची गोष्ट मी आयुष्यात शंभरदा सांगितली असेल. प्रत्येक वेळी लोक हसले आणि प्रत्येक वेळी मी तिथेच थांबलो. ती तिथे संपत नाही. एका दुपारी सुट्या खडीच्या उतारावर खिळ्या चालवत असताना आमची गाडी बंद पडली. जिथे पडली तिथे दगड नव्हता. त्याने पाय खाली सोडला आणि पायाला जमीनच लागली नाही. तो आणि गाडी दोन्ही कलले, गाडी वर आणि तो खाली. गाडी हलकी राहावी म्हणून मी आधीच उतरून पायी पुढच्या वळणावर गेलो होतो. मागे आवाज थांबला, म्हणून मी थांबलो. परत येऊन गाडी उचलली तेव्हा तो म्हणाला, "अरे, तुझं ते हसणं कुठे गेलं?" मला हसवायला म्हणाला. गुडघा पुन्हा वाकला नाही. त्याला कचेरीत खुर्चीवर बसवलं. मला वाचायला कुणी उरलं नाही, म्हणून मी अक्षरं शिकलो. गाडी पुढे एकटाच वापरत राहिलो, कारण माझे पाय पोचत होते.

इतकं सगळं ठाऊक असणारा माणूस मी. आणि नातीला फळ्यांच्या थप्पीवरून चढताना बघून मनात शाबासकी देत होतो.

"डबा बंद कर," मी म्हणालो. "सुताराकडे जाऊ."

"इसार?"

"तो माझ्या वेडेपणाचा. तू चल."

*

सुताराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, इसार मी परत दिला असता, पण पैशांचं भावाला कळवून झालंय. त्याने कालच बोलून दाखवलं, कुठे खर्च करायचे ते."

"राहू दे," मी म्हणालो. जरा थांबून विचारलं, "एक चक्कर मारू का?"

सुतार हसला. "हजार दिलेत. मारा की. इतकी महाग चक्कर गावात कुणी मारली नसेल."

"आबा, एक्काहत्तर," मुंगी म्हणाली. माझ्या वयाची आठवण करून द्यायची तिची पद्धत.

मी टांग टाकली. कंबर कुरकुरली, पण पाय दोन्हीकडे जमिनीवर सपाट टेकले. किक बसली. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, तिथे मोकळं मैदान लागलं, एक वळसा घेतला. तिसऱ्या गिअरला तिचा आवाज बदलला, आमच्या गाडीचा बदलायचा तसाच. समोर कुणी नव्हतं आणि मागेही कुणी नव्हतं. परत आलो, गाडी उभी केली.

"कशी वाटली?" सुताराने विचारलं.

"फार चांगली आहे," मी म्हणालो. "उंच माणसाला द्या."

मधवाल्या बाईकडे पोचेपर्यंत दुपार झाली. हिरवी गाडी दारात होती, पण तिच्या टाकीवर कुणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं. एक दूधवाला आत चहा पीत बसला होता. त्याला गाडी बघायची होती. अजून बघितली नव्हती, चहा आधी आला होता.

मी बोलायला पुढे झालो. मुंगीने माझा हात धरून मला मागे केलं आणि बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, मला ही गाडी हवी आहे. काल बसले तेव्हाच आवडली होती. दोन्ही पाय टेकतात. पाऊस मोजायच्या कामाला डोंगरात न्यायची आहे, शनिवारी वर चढवून दाखवली नाही तर काम जाईल. ढिला स्पोक मी घट्ट करीन. पैसे आणलेत."

मी डोळे मिटून घेतले. असं बोलणारं गिऱ्हाईक तारेवरच्या कुणाच्या सोबत मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"अगं, मग काल का गप्प होतीस?" बाई म्हणाली. "मला वाटलं हे बाबाच घेतायत. आणि म्हटलं, यांना द्यायची नाही. डोंगरात पडले तर मला शाप लागेल." मग दूधवाल्याकडे वळून, "तुम्ही चहा घ्या सावकाश. गाडी गेली."

"मी अजून बघितलीसुद्धा नाही," दूधवाला म्हणाला.

"मग चुकचुक कसली?"

भाव चौतीसच राहिला, एक पैसा उतरला नाही. स्वार बोलला की असंच होतं. पण बाईने जास्तीची गाळणी दिली, चेनला लावायचं वंगण दिलं, आणि आत जाऊन एक मधाची बाटली आणली. छत्तीसमधले दोन हजार वाचले. त्यात मुंगीने बूट घेतले, तिच्या मापाचे, साध्या तळाचे.

*

शनिवारी पाणी खात्याच्या फाटकापाशी साहेब घड्याळ घेऊन उभे होते. वाट तिथूनच वर जाते. पहिले दोन वळसे दिसतात, मग झाडी. मुंगी निघाली. हिरवी गाडी पहिल्या वळणावर गेली, दुसऱ्यावर गेली, मग नुसता आवाज राहिला. तो सारखाच येत होता, शिवणयंत्राचा, आणि मला त्यातून कुठला गिअर आहे तेही ओळखता येत नव्हतं.

मग आवाज थांबला.

साहेबांनी वर बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मी फाटकाचा गज धरला. खूप वेळ झाला असं मला वाटलं. साहेब नंतर म्हणाले, मिनिटभरच झालं होतं. एक किक ऐकू आली, दुसरी आली, तिसरीला गाडी सुरू झाली आणि आवाज पुन्हा वर सरकायला लागला.

चाळीस मिनिटांनी ती परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड लाल. धाप लागली होती, पण बेकरीतली नव्हती.

"मध्ये थांबलात," साहेब म्हणाले.

"वाटेत दरड आली होती थोडी. गाडी बंद पडली. पाय टेकून उभी राहिले, वाट बघितली कुठून जाते ती, आणि गेले." तिने पाय टेकल्याचं असं सांगितलं जसं आपण श्वास घेतल्याचं सांगतो. साहेबांनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि सोमवारी आठला या म्हणाले.

घरी जाताना ती गाडी हाताने ढकलत माझ्या चालीने चालत होती. म्हणाली, "आबा, वर तुमचे खांब आहेत अजून. तारा नाहीत, पण सात-आठ खांब उभे आहेत."

मी थांबलो. "नंबर काय होता? शेवटच्यावर?"

"नाही बघितला," ती म्हणाली. "मी भांड्याचा आकडा बघत होते."

बरोबरच होतं तिचं. आम्ही थोडं पुढे गेलो.

"मग पाणी किती होतं?" मी विचारलं.

"एकोणीस मिलिमीटर," मुंगी म्हणाली.